आई-बाबा, यंदा तुम्हीच इकडे या

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले, "जावईबापू या वयात ती मिकमाक भाषा शिकून काय करणार, नोकरी मिळणारे का?" आणि तेवढ्यात नेट गेलं. फोनवर नीट सांगता आलंही नसतं म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव, बाबांचा नवा चष्मा अजून आला नसेलच.

तर हे सगळं सासूबाईंच्या आईपासून सुरू होतं. त्या एस्कासोनीच्या, आमच्या सिडनीपासून (कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातलं, ऑस्ट्रेलियातलं नव्हे, शेजारच्या काकूंना परत एकदा सांगा) गाडीने पाऊण तास, मिकमाक म्हणजे इथल्या मूलनिवासी लोकांची सगळ्यात मोठी वस्ती. लहानपणी त्यांना घरातून नेऊन सरकार आणि चर्चने मिळून चालवलेल्या निवासी शाळेत टाकलं, तिथे आपल्या भाषेत तोंड उघडलं की मार. पुढे त्यांनी गोऱ्या माणसाशी लग्न केलं आणि तेव्हाच्या इंडियन ॲक्टप्रमाणे (मूलनिवासींसाठीचा कॅनडाचा कायदा) त्यांचा मूलनिवासी म्हणून दर्जाच गेला. उलट मूलनिवासी पुरुषाने गोरी बायको केली तर त्या बायकोला तो दर्जा मिळायचा, बोला आता! १९८५ मध्ये कायदा बदलला तोवर पोरं मोठी होऊन पांगली होती. आणि पोरांशी त्या आयुष्यभर इंग्लिशच बोलल्या, आपण खाल्ला तो मार त्यांना नको म्हणून.

आमची छकुली व्हिडिओ कॉलवर आजीशी मराठीत भांडते ना, तेव्हा सासूबाई तिथेच बसून बघत असतात. एकदा म्हणाल्या, मी माझ्या आईशी असं कधी भांडलेच नाही. मला काय बोलावं सुचेना, चहा टाकायला उठले.

आता पासष्टी ओलांडून त्या लेकाबरोबर क्लासला बसतात. भाषा अवघड आहे, क्रियापदच एवढं लांबलचक की त्यात कर्ता-कर्म सगळं बसतं, जावईबापू घामाघूम. पण क्लासनंतर वाल्तेस खेळतात ते मात्र मलाही जमतं. लाकडाचं पसरट भांडं, त्यात हाडाचे सहा चपटे फासे, एका बाजूला नक्षी. भांडं घडी घातलेल्या ब्लँकेटवर दाणकन आपटायचं, फासे उडून पडले की पाच किंवा सहाही एकाच बाजूने पडले का बघायचं, तरच गुण, आणि काड्यांनी हिशोब ठेवायचा. मावशीच्या घरी हा दाणदाण आवाज ऐकत झोपायचे हे सासूबाईंना तिथे आठवलं आणि मग त्यांनी आम्हाला सगळ्यांना हरवलं. आई, तू आलीस की तुमची दोघींची मॅच लावायची आहे, तू कवड्यांत कशी चिडीचा डाव खेळतेस ते मी त्यांना सांगून ठेवलंय.

बाबा, तुम्ही कोर्टात जन्म काढलात म्हणून तुमच्यासाठी एक केस. डोनाल्ड मार्शल ज्युनियर नावाचा इथलाच मिकमाक माणूस, न केलेल्या खुनासाठी ११ वर्षं तुरुंगात होता. सुटून आला, १९९३ मध्ये ४६३ पौंड वाम पकडून विकली, परवाना नाही म्हणून खटला. तो गेला सुप्रीम कोर्टापर्यंत आणि १९९९ मध्ये जिंकला, कशाच्या जोरावर, तर १७६०-६१ चे ब्रिटिशांबरोबरचे तह! पानिपतच्या वर्षातला कागद आणि कोर्टाने तो मानला. मच्छीमारीवरून भांडणं अजून चालूच आहेत, ते वेगळं.

आणि नोकरीचं म्हणाल तर मिळेलही, २०२२ पासून नोव्हा स्कोशियाच्या कायद्यात ही प्रांताची मूळ भाषा आहे आणि शिक्षक पुरत नाहीत म्हणतात. पण हा काही त्यासाठी शिकत नाहीये. त्याला आईशी दोन वाक्यं बोलायची आहेत, ती ऐकायला आहे तोवर. एवढंच आहे बाबा, ह्यात मला तरी विचारण्यासारखं काही वाटत नाही.

म्हणून ह्या जुलैत आमचं येणं होत नाहीये. २६ जुलैला सेंट ॲनचा सण असतो, ब्रास डोर तळ्यातल्या चॅपल आयलंडला होडीने जायचं, लांबलांबचे नातेवाईक जमतात, सासूबाईंना ह्या वेळी जायचंच आहे. तेव्हा तुम्हीच या. तिकिटांचं आम्ही बघतो. वाम इथेही खातात, बाबा, फक्त तिरफळं नाहीत, ती आई आणेल. थंडी नसते त्या दिवसांत, एक स्वेटर पुरे. पासपोर्टच्या मुदती बघून दोघांच्या पहिल्या पानाचे फोटो ह्या रविवारपर्यंत व्हॉट्सॲपवर टाका, व्हिसाला वेळ लागतो.

तुमची,
ताई

ता.क. आई, छकुलीचा झबला-टोपीचा फोटो सासूबाईंना हवाय, कपाटात वरच्या कप्प्यात आहे बघ.