‘काय उपयोग’ विचारायची इतकी घाई का?

पीएचडीच्या विचित्र विषयांवर टीका करणारा रविवारच्या अंकातला लेख वाचला आणि खरं सांगते, वाईट वाटलं. कोणी झऱ्यातल्या जिवाणूंवर काम करतं, कोणी जुन्या हाडांवर, आणि यात पैसा वाया जातो असं लेखकाचं म्हणणं. पण अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत सापडलेल्या एका जिवाणूची १९६९ मध्ये नोंद झाली तेव्हा पुढे त्याचंच एन्झाइम पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढायच्या तंत्रात, कामी येईल हे कोणाला माहीत होतं, आणि कोरोनात आपण सगळे नाकात काडी घालून घेत होतो ती आरटी-पीसीआर टेस्ट याच तंत्राची.

आपल्या नागपूरजवळचं माहुरझरी बघा ना. तिथल्या शिळावर्तुळांत, म्हणजे भोवती दगडांचं कडं रचलेल्या प्राचीन दफनांत, घोड्याची हाडं निघाली, घोड्याचे तांब्याचे दागिने निघाले, लोखंडी हत्यारं निघाली. आता हाडं प्राणिशास्त्रवाला ओळखणार, लोखंड कसं घडवलं ते धातुशास्त्रवाला सांगणार, एकटा इतिहासवाला काय काय करेल?

कॉपी-पेस्ट थिसिस अडवा, गाइडनी कडक व्हावं, हे शंभर टक्के मान्य. पण नागपुरात फक्त संत्री आणि कापसावरच संशोधन व्हावं, हे मला अजिबात पटत नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, धरमपेठ, नागपूर