आयत्या वेळचे पाहुणे आणि अख्खा मसूर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंबाबाईच्या दर्शनाला आलेले पाहुणे सायंकाळी अवचित घरी येतात, आणि ते शाकाहारी आहेत असे कळताच तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या या गावात हॉटेलातून पनीर मागवण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला अनाठायी वाटते. अख्खा मसूर भिजवावा लागत नाही. तो कुकरच्या तीन-चार शिट्ट्यांत शिजतो, आणि तेल सुटेपर्यंत परतलेल्या कांदा-टोमॅटोत घरची कांदा-लसूण चटणी मंद आचेवर (एरवी ती करपते) घालून त्यात मसूर ओतला की दाटसर कालवण तयार होते. सोबत गरम भाकरी, दही आणि खर्डा असावा. पाहुणे कांदा-लसूण खात नसल्यास मुगाच्या डाळीची खिचडी टाकावी.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर