दुसरा भाग कुणाकडे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'हल्लीची मुलं वाचत नाहीत' अशी पत्रं आपल्या सदरात अधूनमधून येतात. माझी तक्रार उलटी आहे. आमच्या घरातली चौदा वर्षांची मुलगी वाचते आहे आणि तिला वाचनालयात दुसरा भाग मिळत नाही.

केर्स्टिन गीअर या जर्मन लेखिकेची कादंबरी तीन भागांत आहे. लंडनमधली सोळा वर्षांची ग्वेंडोलिन भूतकाळात जाते. पहिला भाग ऐन मोक्याच्या क्षणी तुटतो. वाचनालयात पहिला होता, तिसरा होता. मधला कुणी नेला तो परतच आला नाही. ''तिसरा न्या, कळेल गोष्ट,'' काउंटरवरून सल्ला मिळाला. लेक तिथेच फुरंगटली. शेवटी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर तो दुसरा भाग, 'सफायर ब्लू', मिळाला, मुखपृष्ठ निम्मं फाटलेलं.

मग मीही वाचलं. नाचाच्या शिकवणीची पानं मी सरळ उलटली, आणि तो नायक गिडियन कधी गोड तर कधी तुसडा, मला काही झेपला नाही. (लेकीचं मत वेगळं आहे, तो विषय आम्ही टाळतो.) पण ग्वेंडोलिनला रोज काही तास भूतकाळात काढावेच लागतात, नाहीतर ती भर वर्गातूनही गायब व्हायची. अशीच ती 1948 सालात जाते आणि तिला तिचे वारलेले आजोबा भेटतात, ऐन तारुण्यातले.

त्या रात्री लेक माझ्या सासऱ्यांपाशी जाऊन बसली. ''आबा, 1948 ला तुम्ही कुठे होता?'' आबा नव्वदीला टेकलेत. म्हणाले, ''इथेच. ट्रामला लटकत होतो. दादर टीटीतलं टीटी म्हणजे काय, सांग बघू?'' तिला सांगता येईना. ट्राम टर्मिनस! मुंबईतली शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली, नाव मात्र अजून बसच्या रांगेत ऐकू येतं. त्यावर दोघं साडेअकरापर्यंत बोलत होते. पुस्तक उशाशी उघडंच.

हा भाग जर्मनमध्ये 2010 साली आला, इंग्रजीत 2012 साली. तो इंग्रजीत आणला अँथिया बेल यांनी, ज्यांनी फ्रेंच चित्रकथांमधला अॅस्टेरिक्सही आणला. मराठीत कुणी असं काही आणणार असेल तर तिन्ही भागांचं आधी ठरवावं, मगच पहिला छापावा. फास्टर फेणे कुठूनही उचलून वाचता येतो, इथे ते चालत नाही. आणि वाचनालयांनी मालिकेतला एक भाग हरवला की तेवढा तरी पुन्हा विकत घ्यावा.

आमच्या वाचनालयातला दुसरा भाग ज्यांच्या घरी आहे त्यांनी तो कृपया परत करावा. दंड मी भरते.

आपली,
एक वाचक, दादर (पूर्व), मुंबई