सूचना : रविवारची बैठक, मिशिगन १९०१
मंडळी, रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी जमायचंय. विषय मिशिगन विद्यापीठाचा १९०१ चा हंगाम. अमेरिकन फुटबॉल बरं का, आपला पायाने खेळायचा नव्हे!

प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांचं मिशिगनमधलं पहिलंच वर्ष. ११ सामने, ११ विजय. केलेले गुण ५५०, दिलेले शून्य. शेवटचा सामना १ जानेवारी १९०२ ला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात, स्टॅनफर्डविरुद्ध. मिशिगनचे तेच अकरा जण शेवटपर्यंत, एकही बदली नाही. ४९-० झाल्यावर आठ मिनिटं बाकी असतानाच स्टॅनफर्डने 'पुरे' म्हटलं.

तेव्हा टचडाउनला (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला) ५ गुण होते, आजचे ६ धरून बेरीज करू नका. मागच्या खेपेला त्यातच अर्धा तास गेला. येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत कळवा, चहाचा अंदाज लागतो.