पाऊस पडला, उत्तर मात्र 'नन'

संपादकसाहेब,

शाळा-कॉलेजातल्या कोडिंगचं कौतुक तुमच्या पेपरात अधूनमधून येतं, चांगलंच आहे, पण पोरं एरर समजून घेण्याआधी ती गप्प कशी करायची तेच शिकतात त्यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

भाचा चवथीला घरी आला तो गणपतीच्या वरची फळाफुलांची माटोळी बांधायची सोडून लॅपटॉप उघडून बसला. कॉलेजचा प्रोजेक्ट, गेल्या वर्षीचा फोंड्याचा रोजचा पाऊस, जून ते सप्टेंबर 122 दिवस. पायथन या कोडिंगच्या भाषेत फंक्शन लिहिलेलं, महिना द्यायचा आणि एकूण पाऊस घ्यायचा. जून दिला तर 'नन' (None, म्हणजे उत्तरच नाही), जुलै दिला तरी 'नन'. एरर नाही, काही नाही. अहो, जुलैत आमच्याकडे कपडे वाळत नाहीत आणि हा म्हणतो पाऊसच नाही!

दोन तास गेले, शेवटी मधले आकडे दिसावेत म्हणून ओळीओळीला प्रिंट टाकले तेव्हा कळलं की जूनचे 30 दिवस नव्हतेच, चारच उरलेले. आपण 01/06 लिहितो ते एक जून, पांडाज (पायथनचं तक्ते वाचणारं साधन) मात्र महिना आधी धरून 6 जानेवारी वाचतं. 13/06 ला तेरावा महिना कुठून आणणार, तिथे ते अडलं होतं, एररही आली होती, पण या पठ्ठ्याने नेटवरची एक ओळ चिकटवून न जुळणाऱ्या तारखा रिकाम्या करून टाकल्या, 122 पैकी 74 गेल्या आणि उरलेल्या भलत्याच महिन्यांत जाऊन बसल्या. त्यात रिटर्न (उत्तर परत देणारी ओळ) होतं ते 'महिन्याचे सगळे दिवस असतील तर' या इफच्या, म्हणजे अटीच्या आत, नसतील तर काय ते लिहिलंच नव्हतं. अशा वेळी पायथन तक्रार करत नाही, नन देऊन मोकळं होतं.

'डेफर्स्ट ट्रू', म्हणजे दिवस आधी वाच, असं लिहिलं, ती चिकटवलेली ओळ काढली आणि काम झालं. तरी मी त्याला एल्स, म्हणजे 'नसतील तर' हा भाग, घालायला लावलं, दिवस कमी पडले तर किती ते सांग आणि थांब. त्याला ते फालतू वाटलं. सर तर म्हणे फक्त आउटपुट बघतात. सरांनी एकदा अर्धी फाइल देऊन बघावं ना!

आता आकडे जुळले म्हणतो. पण हवामान खातं पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, आदल्या 24 तासांचा, मग 1 जूनच्या रकान्यातला बराचसा 31 मेचाच की. हे विचारलं तर म्हणाला, मामा, आधी जेवूया.

— एक वाचक, फोंडा