गांडुळांचे डबे वाटले, पाचोळा कोण वाटणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत आलेला गच्चीवरच्या शेतीचा लेख वाचला. फोटो देखणे होते. ‘घरातला ओला कचरा गांडुळांच्या डब्यात टाकत राहा, दोन महिन्यांत खत तयार’ या वाक्याशी मात्र अडखळले आणि लिहायला बसले. चार वर्षांपूर्वी अशाच एका वाक्यावर विसंबून मी सुरुवात केली होती. तिसऱ्या आठवड्यापर्यंत माझी जवळजवळ सगळी गांडुळे मेली होती.

झाले असे, की डबा आला त्याच दिवशी मी फ्रीज साफ करायला काढला. साली, देठ, शिळे अन्न, अर्धे कलिंगड, सगळे आत. पुढचे आठ-दहा दिवस असेच. मग एका सकाळी झाकण उचलले तर हाताला वाफ लागली आणि सडक्या अंड्याचा वास आला. गांडुळे झाकणाच्या कडेला एकमेकांत गुंतून गोळा झाली होती. काही रात्रीच बाहेर पडून फरशीवर सुतळीच्या तुकड्यांसारखी वाळली होती. मी त्यांना ‘पळपुटी’ म्हणाले. वास्तविक ती जीव वाचवत होती.

गांडुळाला दात नसतात. ताजी साल त्याला खाताच येत नाही. ती मऊ पडते, तिच्यावर जिवाणू आणि बुरशी वाढते, तेव्हा कुठे त्याचे जेवण सुरू होते. मुख्यतः ते ही जिवाणू-बुरशीच खाते आणि सोबत गिळलेल्या मातीच्या बारीक कणांनी पोटातल्या पेषणीत दळते. म्हणून डब्यात चिमूटभर माती किंवा अंड्याच्या कवचाची पूड टाकायची असते. आपण एकदम ढीग ओतला की जिवाणूंचीच चंगळ होते, ढीग तापतो. खताच्या डब्यात वापरतात ते लाल गांडूळ, आयसेनिया फेटिडा, १५ ते २५ अंश सेल्सिअसला सुखात असते आणि ३५च्या वर तगत नाही. त्यात ते श्वास घेते ओल्या कातडीतून. फळांचे पाणी सुटून सगळ्या फटी बुजल्या, की तापमान ठीक असूनही ते गुदमरते.

दुसऱ्यांदा मी निम्म्याहून कमी दिले आणि वर कोरडा पाला घातला. फरक पडला तो या पाल्याने. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, वाळलेल्या पानांत कर्बाचा भरणा. खत नीट कुजायला कर्ब आणि नत्राचे प्रमाण साधारण २५ ते ३०ला १ हवे, असे सगळी पुस्तके सांगतात. घरात गुणोत्तर कोण मोजणार? एक वाटी ओले, तर दीड-दोन वाट्या पाला किंवा फाडलेला पुठ्ठा, एवढे मला पुरते. मूठभर मिश्रण दाबले की पिळलेल्या स्पंजसारखे लागले पाहिजे. एखादा थेंब आला तर चालेल, धार लागली तर आणखी पुठ्ठा.

म्हणजे शहरात टंचाई ओल्या कचऱ्याची नाही, कोरड्याची आहे. आणि तीही खरी टंचाई नव्हे. रस्त्यावरचा पाचोळा रोज झाडून गाडीत भरला जातो, नाहीतर कोपऱ्यात पेटवला जातो. आमच्याकडे एका योजनेत घरोघर डबे वाटले गेले. वाटपाचा समारंभ झाला, फोटो निघाले. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात दार वाजवून ‘वास येतोय का?’ एवढे विचारायलाही कोणी आले नाही. आज त्यातल्या बऱ्याच डब्यांत कपड्यांचे चिमटे आहेत. डब्यांचा आकडा जाहीर करणाऱ्यांनी पाचोळ्याची पोतीही दारापर्यंत पोचवावीत, मग आकडा सांगावा.

लेखात ‘बागेतली गांडुळे खणून घ्या’ असाही सल्ला होता. कृपया हे छापू नका. मातीत खोल बिळे करणारी जात वेगळी, वरच्या कुजक्या थरात राहणारी वेगळी. खोल राहणाऱ्याला उथळ डब्यात ठेवले तर ते फार दिवस काढत नाही. आणि गांडुळाचे दोन तुकडे केले तर दोन गांडुळे होतात, हेही खोटे आहे. कुदळीला धार असते एवढेच त्यातून सिद्ध होते.

जागेबद्दलही सांगायला हवे. पहिला डबा मी कपडे धुण्याच्या मशीनशेजारी ठेवला होता. चार्ल्स डार्विनने घरात कुंड्यांमध्ये गांडुळे पाळली होती. शेजारी पियानो वाजवला तर त्यांना पत्ता लागत नसे, पण कुंडी पियानोवर ठेवून एक सूर छेडला की ती बिळात शिरत. त्यांना ऐकू येत नाही, पण हादरा कळतो. मशीनशेजारी माझी गांडुळे किती सुखात असतील, ते आता कळते.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले, त्यातले ६० टक्के घरांतून. या आकड्यावर गांडुळांचा डबा हे उत्तर नाही, हे मी डब्याची भक्त असूनही म्हणते. खाण्याजोगे अन्न आधी खाल्ले जावे. डबा सालींसाठी आणि देठांसाठी आहे. तेलकट, खारट उरलेसुरले मी आधी वेगळ्या बादलीत पाल्यात मुरवते आणि मग थोडे थोडे देते.

खत किती मिळते? दहा किलो कचऱ्याचे दीड-दोन किलो, कारण कचऱ्यात बहुतेक पाणीच असते. ते कुंडीत निव्वळ भरू नये, मातीच्या पाचव्या हिश्श्याइतके पुरे. पालेभाज्या छान येतात. टोमॅटोला सहा तास ऊन लागते, ते नसेल तर गांडुळे काही करू शकत नाहीत. घरचा भाजीचा खर्च यातून सुटतो म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण रात्री झाकण उघडून बॅटरी मारली, की शेकडो लाल शेपट्या एका क्षणात आत ओढल्या जातात. ते पाहायला शेजारची मुले येतात.

पुढच्या वेळी टवटवीत कुंड्यांसोबत बिघडलेल्या डब्याचाही एक फोटो छापावा, ही विनंती. माझ्याकडे आहे. पाठवू का?

आपली,
एक नियमित वाचक