बोटीत कुत्रा घ्यायचा की नाही? महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर.

विषय : पूरबचावात आणि निवारा केंद्रांत पाळीव प्राण्यांसाठी लेखी नियम करण्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या पुढे गेला, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले पाण्याखाली गेले आणि माणसं रबरी बोटींतून बाहेर काढावी लागली. पूर कुठलाही असो, बोट दाराशी लागली की एक वाद हमखास होतो. घरातलं माणूस म्हणतं, “कुत्र्याला सोडून मी येणार नाही.” बोटीवरचा म्हणतो, “आधी माणसं.” दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि पाणी चढत राहतं.

बोटीत खरोखर एकच जागा उरली असेल, तर ती माणसाची. याबद्दल आमच्यात, म्हणजे जनावरांवर उपचार करण्यात ज्यांचा दिवस जातो त्यांच्यातही, दुमत नाही. घरचं कुत्रं आणि अनोळखी माणूस यांत आपण कुत्रंच वाचवू, असं मनातल्या मनात म्हणणारे लोक असतात. त्यांना नावं ठेवून उपयोग नाही, पण सुकाणू त्यांच्या हाती देताही येत नाही. म्हणून निर्णय आधी, कोरड्या जागी बसून, कागदावर व्हायला हवा. आज तो त्या पहाटे छातीभर पाण्यात उभा असलेला अग्निशमन दलाचा जवान घेतो, आणि पुढे टीका झाली तर तीही त्याच्यावरच.

शिवाय जागा एकच आहे अशी वेळ क्वचित येते. घोडं अडतं ते दुसरीकडेच. प्राण्याला नाही म्हटलं की मालक घर सोडत नाही. बोट रिकामी परत जाते, दोन तासांनी त्याच घरासाठी पुन्हा येते, तोवर पाणी आणखी चढलेलं असतं. किंवा मालक बाहेर पडतो आणि कुणाचं लक्ष नसताना कुत्र्यासाठी पाण्यात परत शिरतो. त्याच २५ जुलैला पुलाची वाडीत विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला. साचलेल्या पाण्यात उतरणं म्हणजे काय हे शहराने पाहिलं आहे. अमेरिकेने कॅटरिना वादळानंतर २००६ मध्ये आपत्ती आराखड्यात पाळीव प्राणी धरण्याचा कायदा केला, फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१३ मध्ये प्राण्यासह घर सोडण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. जनावर मागे राहिलं की माणूसही मागे राहतो, हे त्यांना महागात पडून कळलं.

आता बोटीबद्दल. आपण क्षमता डोक्यांवर मोजतो, पाण्याला मात्र वजनच कळतं. लॅब्राडॉर २५ ते ३५ किलोचा, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलाएवढा. ग्रेट डेन मोठ्या माणसाएवढा. तेव्हा “प्राणी चालतील” असा सरसकट नियमही नको. वजन धरूनच माणसं बसवावीत, आणि बोट भरली असेल तर प्राणी पुढच्या फेरीला, हे मालकाला आधीच माहीत असावं. कुत्रा इंजिनापासून लांब, बोटीच्या मध्यभागी तळाशी बसवायचा. खाली गोणपाट किंवा जाड सतरंजी, म्हणजे नखं रबरावर चालत नाहीत आणि पाय घसरत नाही. पाय घसरला की कुत्रा उठतो, काठाकडे झेपावतो आणि बोट कलते. पट्टा मालकाच्या हातात आखूड धरलेला असावा. बोटीच्या कडीला तो कधीही बांधू नये, कारण बोट उलटली तर बांधलेला कुत्रा वर येत नाही.

घाबरलेला गरीब कुत्राही चावतो. मुसकं नसेल तर सव्वा मीटर बँडेजची पट्टी पुरते: नाकाडावर फास, जबड्याखाली गाठ, मग दोन्ही टोकं कानांमागे नेऊन सुटेल अशी गाठ. पग, शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना, किंवा ओकणाऱ्या कुत्र्याला हे बांधू नये, श्वास कोंडतो. इतरांचंही काठावर पोचताच सोडावं, कारण तोंड बांधलं की कुत्र्याला धापा टाकून अंग थंड करता येत नाही. मांजर कडेवर घेऊन तर बोटीत बसूच देऊ नका. इंजिन सुरू झालं की ते नखं मारून उडी घेतं, मालक त्याच्या मागे झेपावतो. झाकणाची टोपली, नाहीतर जाड सुती उशीचा अभ्रा तोंडाशी गाठ मारून; तेवढ्या फेरीपुरता तो चालतो. प्रत्येक बोटीत दोन गोणपाटं, चार बँडेज, दोन दोरीचे पट्टे आणि दोन अभ्रे ठेवायला खर्च तो किती?

खरी अडचण काठावर पोचल्यावर सुरू होते. निवारा केंद्र म्हणजे महापालिकेची शाळा, आणि तिथे दारातच कुत्र्याला अडवलं जातं. अडवणाऱ्याचंही चूक नाही: आत तान्ही बाळं असतात, दम्याचे रुग्ण असतात, कुत्र्याला भिणारे असतात, आणि त्यांनाही पुरानेच तिथे आणलेलं असतं. म्हणून पूररेषेजवळच्या प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने एक शाळा अशी ठरवावी जिथे वेगळ्या दाराची एक खोली कुत्र्यांना आणि तिच्यापासून लांब, बंद दाराची दुसरी मांजरांना मिळेल. दोन कुत्र्यांत तीन मीटर अंतर, बांधायला साखळी (दोरी रात्रीतून चावून तुटते). पाणी दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिली, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला लिटरभर.

फरशी पुसायला शाळेतलं काळं फिनाईल वापरू नये. मांजराच्या पंज्याला ते लागतं, मांजर पंजा चाटतं आणि विषबाधा होते. पातळ ब्लीच वापरावं, आणि फरशी वाळल्यावरच प्राणी आत सोडावेत.

रेबीजच्या लशीचा कागद नसेल तर दारातच लस टोचता येते, पण पहिल्यांदाच टोचलेल्या प्राण्यात संरक्षण तयार व्हायला तीन-चार आठवडे जातात. असा प्राणी बाकीच्यांपासून वेगळाच ठेवावा. कुणाला चावा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना. ही पाटी खोलीबाहेर हवी. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, जनावरांच्या मुतातून माणसाला होणारा ताप) धोका कुत्र्याच्या मुतातूनही असतो, म्हणून साफसफाई करणाऱ्याला गमबूट आणि हातमोजे द्यावेत, नुसता झाडू देऊन भागणार नाही.

कुणाला जनावर मागे ठेवावंच लागलं, तर त्याने काय करावं हेही पत्रकात छापा. बांधून किंवा पिंजऱ्यात कोंडून ठेवू नये. वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर वाट मोकळी असावी, जड पातेल्यांत तीन दिवसांचं पाणी असावं, आणि दारावर ऑइल पेंटने मोठ्या अक्षरांत लिहावं: आत किती प्राणी, चावतात का, मोबाईल नंबर. दुसऱ्या फेरीचा जवान त्यावरूनच आत जायचं की नाही ते ठरवील.

एवढं सगळं लॅब्राडॉरवाल्यांसाठीच वाटेल, म्हणून सांगतो. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढा फुगला तेव्हा माणसांबरोबर गोठ्यातली जनावरंही दाव्याला बांधलेली मेली. नदीकाठच्या वस्त्यांत शेळ्या, कोंबड्या आहेत. शेळी बोटीत येते, म्हैस येत नाही. तिचं दावं वेळेत सोडणं आणि उंचावरची जागा आधी दाखवून ठेवणं, एवढंच करता येतं. पण त्यासाठी इशारा रात्री झोपेत नव्हे, विसर्ग वाढवण्याआधी, उजेडात पोचायला हवा. “इतके हजार क्युसेक” या भाषेत तो नको. “एकतानगरीत पार्किंगमध्ये पाणी येईल, आत्ताच जनावरं वर न्या” असा हवा.

कुत्र्यांच्या परवान्यांची नोंद महापालिकेकडे पत्त्यासह असते, निळी पूररेषा (नदीला पूर आला की पाणी कुठवर चढतं त्याची सरकारी रेषा) नकाशावर आखलेली आहे. दोन्ही समोरासमोर ठेवले की कोणत्या सोसायटीत किती फेऱ्या जास्त लागतील याचा अंदाज मेमध्येच येईल. परवाना न काढलेले आणि गोठ्यातले प्राणी त्यात दिसणार नाहीत. त्यांची मोजणी क्षेत्रीय कार्यालयाच्या माणसाला काठाने फिरूनच करावी लागेल.

लेखी नियमाचा मसुदा आपण जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणापुढे ठेवावा. पावसाळ्याआधीच्या बोटींच्या सरावात एकदा तरी खरा कुत्रा बसवून पाहावा, इंजिन सुरू ठेवून. त्यासाठी कुत्रा आणि त्याला सांभाळणारा माणूस आम्ही देऊ.

कळावे,
आपले,
पुण्यातील काही पशुवैद्य आणि पूरबचावाचे स्वयंसेवक